ज्येष्ठेची सोबतीण

ज्येष्ठा मंदावते आहे, ही बातमी अख्ख्या म्हसवडमध्ये सगळ्यात आधी ओजस्वी पोळने दिली होती. आणि आता तिला सगळ्यात जास्त राग त्या बातमीचाच येत होता.

दिली तेव्हा मात्र तिने अक्षरशः उड्या मारत दिली होती. मे महिन्याची सुट्टी. रोज अंधार पडला की ती गच्चीवर जाऊन वृश्चिक राशीकडे बघायची. विंचवाच्या छातीशी तीन तारे एका तिरक्या ओळीत असतात. मधली ज्येष्ठा. तांबडी, ठसठशीत, दोन्ही बाजूंच्या शेजारणींना मुळीच न जुमानणारी. एका संध्याकाळी ओजस्वीला वाटलं, आज बाईसाहेब जरा उतरल्यात. दुसऱ्या दिवशी आणखी. आठवड्याने तर खात्रीच झाली, आणि ती जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरत ओरडली, "पप्पा! ज्येष्ठा खरंच फिकी पडली! मी पकडलं!"

ताऱ्याचं तेज मोजायला दर वेळी अवाढव्य यंत्र लागतं असं नाही. ज्यांचं तेज पक्कं ठाऊक आहे असे तारे आसपास शोधायचे आणि ताडून बघायचं. हिच्यापेक्षा उजळ, तिच्यापेक्षा फिकी, म्हणजे आपल्या ताऱ्याची प्रत, तेजाचा आकडा, अमुक. गंमत एवढीच की प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा फिका. वर्गातल्या नंबरासारखं आहे ते. पहिला नंबर भारी, तिसावा बिचारा. हे सगळं तिला पप्पांनी शिकवलं होतं. पप्पा पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करायचे, आणि दोन वर्षांपूर्वी बापलेकीने काच घासून-घासून स्वतःच्या हाताने दुर्बिणीचा आरसा बनवला होता. तेव्हा पप्पांनी एकच नियम सांगितला होता. "ओजू, दिसलं तेच लिहायचं. दिसावंसं वाटलं ते लिहायचं नाही."

तिने दिसलं ते लिहिलं. 'ताराजाल' नावाच्या हौशी निरीक्षकांच्या संकेतस्थळावर तिची नोंद झळकली, ते चालवणाऱ्या बंगळूरच्या शास्त्रज्ञ बाईंनी तिला शाबासकी कळवली, आणि शाळेत परिपाठाला तिने माइकवर समजावूनही सांगितलं. ज्येष्ठा हा म्हातारा, फुगलेला तारा. सूर्याच्या जागी आणून ठेवला तर बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ, सगळे त्याच्या पोटात. एवढं मोठं अंग त्याला धड आवरत नाही. ते फुगतं, आवळतं, आणि तेज कमीजास्त होतं. अशा ताऱ्यांना रूपविकारी तारे म्हणतात. कधीतरी त्याच्या अंगातून वायूचा एक लोळ बाहेर फेकला जातो, दूर जाऊन थंड होतो आणि त्याची काजळीसारखी बारीक धूळ होते. तो धुळीचा पडदा नेमका आपल्या आणि ताऱ्याच्या मध्ये आला की तारा आपल्याला मंद दिसतो. तारा विझत नाही. समोर धूर आला म्हणून चूल विझते का?

"शिवाय," ती माइकवर म्हणाली होती, "हा प्रकाश तिथून निघाला त्याला साडेपाचशे वर्षं झाली. म्हणजे आपण बातमी बघतोय तीच शिळी आहे!"

पोरं हसली होती. तिला वाटलं होतं, जग किती मस्त आहे.

मग 'रेशीमवेल'ने घोळ घातला.

रेशीमवेल म्हणजे लग्नं जुळवणारं ॲप. आता महाराष्ट्रात त्याच्याशिवाय कुणाचं पान हलत नाही. आधी त्यात नुसतं जन्मनक्षत्र लिहिलेलं असायचं. या लोकांनी त्याला 'थेट तेज' जोडलं. तुमचा जन्मतारा आज आकाशात किती तेजस्वी आहे, याचं एक गोल चक्र तुमच्या फोटोशेजारी फिरायचं. हिरवं, पिवळं, नाहीतर लाल. जाहिरात काय, तर 'आपलं आकाश, आपल्या डोळ्यांनी'. त्यामुळे उपग्रहाचे आकडे नकोत, परदेशी दुर्बिणींचे नकोत. महाराष्ट्रातल्या हौशी निरीक्षकांनी ताराजालावर टाकलेल्या नोंदी हे लोक उचलायचे. ताराजाल सगळ्यांना खुलं होतं. सगळ्यांत हेही आलेच.

आणि श्रावण-भाद्रपदात महाराष्ट्रभर काय असतं? ढग. कोकणात ढग, पुण्यात ढग, नागपुरात ढग. आकाश मोकळं असतं ते पर्जन्यछायेत, पाऊस फिरकतच नाही म्हणून ज्या गावांची कीव केली जाते तिथे, म्हणजे माणदेशात. माणदेशात ज्येष्ठेची रोज नोंद ठेवणारी व्यक्ती एकच होती. इयत्ता दहावी, तुकडी अ.

म्हणजे ज्येष्ठा नक्षत्रावर जन्मलेल्या राज्यातल्या प्रत्येक मुलीचं चक्र ओजस्वीच्या डोळ्यांवर फिरत होतं. मुलीचं, बरं का. त्याच नक्षत्रावरच्या मुलांच्या चक्राकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. ज्येष्ठेवरची मुलगी थोरल्या दिराला वाईट, ही समजूत जुनी. ती आपोआप विझत चालली होती. तारा मंदावला आणि समजूत पेटली.

ओजस्वीची सख्खी बहीण, केतकीताई, ज्येष्ठेवरचीच होती.

*

गौरी यायच्या त्या सकाळी ओजस्वी माजघरात आली तर सुमनआत्या एक पितळी मुखवटा जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळत होती. पोळांच्या घरी दोन गौरी बसतात, थोरली आणि धाकटी. थोरलीच्या नथीचा मोती किंचित पिवळट आहे, त्यामुळे लांबूनही ओळखू येते. आत्या थोरलीला गुंडाळत होती.

"आत्या, पूजा उद्या आहे. आत्ताच कुठे पाठवताय तिला?"

"माळ्यावर," आत्या म्हणाली. "या साली एकटी धाकटीच बसंल."

"का?"

"का म्हणून काय इचारतीस? तूच सांगत फिरतीस की साऱ्या दुनियेला, ज्येष्ठा इझली म्हणून. गल्लीत चार घरांनी थोरली बसवली न्हाई. उद्या कराडची माणसं यायचीत. त्यांच्या डोळ्यांम्होरं कशाला ती?"

कराडची माणसं म्हणजे ऋतुराजच्या घरची. ऋतुराज पुलांचे आराखडे करणारा इंजिनिअर. केतकीताई जनावरांची डॉक्टर. स्थळ आत्यानेच आणलं होतं, पण पुढचं त्या दोघांनी स्वतःच रंगवलं होतं. रोज फोन, हसणं, ताईचं मेंढ्यांना लस टोचतानाही गुणगुणणं. साखरपुड्याचं ठरतच आलं होतं, तेवढ्यात आषाढात ऋतुराजचा थोरला भाऊ विश्वजित मोटरसायकलवरून पडला आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. त्याच्या आईने रेशीमवेल उघडलं. ताईच्या फोटोशेजारचं चक्र लाल.

"मी विझली असं म्हटलेलंच नाही!" ओजस्वीचे कान तापले. राग आला की तिचे कान आधी तापायचे. "धूळ आलीय मध्ये! आणि साडेपाचशे वर्षांपूर्वी आलीय. तेव्हा ना ताई होती, ना विश्वजितदादा, ना त्याची मोटरसायकल!"

"तुला पुस्तकातलं म्हाईत, मला पुराणातलं," आत्या ठामपणे म्हणाली. "समुद्र घुसळला तवा आधी वर आली ती ज्येष्ठा. अलक्ष्मी. मागनं आली लक्ष्मी. थोरलीला कुणी हात लावंना. देव म्हणलं, आम्हाला धाकटीच पायजे."

"मग?"

"मग काय, धाकटी अडून बसली. थोरलीचं लगीन झाल्याबिगर मी माळ घालायची न्हाई म्हणली. म्हणून दिली थोरलीला एका ऋषीला बांधून. त्यानं न्हेली, पिंपळाखाली बसवली, म्हणला, तुला जागा बघून येतो. गेला तो गेलाच. परत आलाच न्हाई."

"आणि ही गोष्ट तुम्ही तिच्या विरुद्ध सांगताय?" ओजस्वी किंचाळलीच. "टाकून गेला तो, आणि वाईट ही?"

"ओरडू नगंस. देवाचं घर हाय."

"तिचंच घर आहे ना पण! ज्येष्ठागौरी म्हणता ना तुम्ही सणाला? पूजेला ज्येष्ठा नक्षत्रच लागतं ना? वर्षातनं एक दिवस तिच्या नावाने पुरणपोळ्या खायच्या आणि उरलेल्या दिवशी तिच्या नावाने पोरी नाकारायच्या?"

तेवढ्यात केतकीताई दारातून आत आली. पायात गमबूट, अंगाला मेंढ्यांचा वास. तिने फडक्यातला मुखवटा बघितला. मग हसली. ओजस्वीला ते हसणं अजिबात आवडलं नाही.

"असू दे गं, ओजू. आपल्या घराचं बरंच आहे की. मी ज्येष्ठेवरची, दिराला वाईट. तू मूळ नक्षत्रावरची, सासऱ्याला वाईट. दोघी एकाच घरात पडलो असतो तर पुरुषमंडळी साफच."

"विनोद करू नकोस!"

"मग काय करू?" ताई गमबूट काढायला खाली वाकली. वाकलेलीच राहिली. "आठ महिने बोलतोय आम्ही. मला तो आवडतो. मी काय करू, सांग."

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. हाताला बेसन. ती आत्याच्या तोंडाला सहसा लागत नसे. आज एवढंच म्हणाली, "वन्सं, दोघी बसतील. माझ्या सासूबाईंनी दोघी दिल्यात माझ्या हातात."

शेवटी तडजोड झाली. थोरली बसेल, पण तोंडावरून लाल ओढणी घेऊन. दुपारी हळदीकुंकवाच्या पावलांवरून गौरी आत आल्या, खोल्या-खोल्यांतून फिरल्या. धाकटीचा चेहरा लखलखीत, आणि थोरली शिक्षा झाल्यासारखी, चेहरा झाकून.

*

संध्याकाळी पप्पा गच्चीवर आले तेव्हा ओजस्वी दुर्बीण लावत होती. नैर्ऋत्येला विंचू स्पष्ट दिसत होता. चंद्र अर्धा होत आलेला, ज्येष्ठेच्या अलीकडे. ती आता दोन्ही शेजारणींइतकीच फिकी होती. तीन सारखे ठिपके. माहीत नसणाऱ्याला यातली थोरली कोण हेसुद्धा कळलं नसतं.

"किती आहे?" पप्पांनी विचारलं.

"दोन पूर्णांक आठ. कालपेक्षा किंचित फिकीच. पण पप्पा, एक भारी झालंय. ज्येष्ठा जोडतारा आहे ना, तिची सोबतीण एरवी तिच्या झगझगाटात दिसतच नाही. आता..."

"ओजू." पप्पा कठड्यावर बसले. पवनचक्कीच्या टोकावर वाऱ्यात उभा राहणारा माणूस, पण कठड्याला दोन्ही हातांनी धरून बसले. "आज समजा एक पूर्णांक एक लिहिलंस. आजचा आणि उद्याचा दिवस. चक्र पिवळं होईल. ती माणसं हो म्हणतील. नंतर लिही की खरं."

ओजस्वीला आधी वाटलं, पप्पा चेष्टा करतायत.

"पप्पा, दिसलं तेच..."

"माहितीये मी काय म्हणालो होतो!" पप्पांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "तिचा चेहरा बघितलास का तू? एक आकडा आहे, ओजू. आकाशाला काय फरक पडतो?"

ते खाली गेले. ओजस्वीने फोन काढला, ताराजाल उघडलं आणि रकान्यात एक पूर्णांक एक लिहिलंसुद्धा. खरंच लिहिलं. ताईचं वाकलेलं डोकं तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. एक बटण. ताई हसेल. खरं हसेल, सकाळसारखं नाही.

आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. ऋतुराज.

"ओजू! काय म्हणतेस, शास्त्रज्ञ?"

"दाजी, तुम्ही? ताई खाली आहे, देऊ का?"

"नाही नाही, तुझ्याकडेच काम होतं. ताईला सांगू नकोस हं. उद्या आम्ही येतोय ना, तर आईचं आपलं ते चक्र चक्र चाललंय. तू रोज टाकतेस ना आकडा? दोनचा तीन कर फक्त. काम झालं!"

"तीन म्हणजे आणखी फिका, दाजी."

"हो? मग एक कर. तुला कळतं त्यातलं. मला काय गं, एक काय नि तीन काय."

"तुमचा विश्वास आहे का यावर? ज्येष्ठा, दिराला वाईट, वगैरे?"

"छे! वेडी का तू? मी इंजिनिअर आहे." तो मनापासून हसला. "दादा तर रील काढताना पडलाय."

"मग आईंना तसं सांगा ना."

पलीकडे तो खाकरला. मग, "अगं, आईला कोण समजावणार? तुझं काम सोपं आहे. प्लीज हं, ओजू."

फोन बंद झाला. ओजस्वीचे कान असे तापले की तिने खरोखर दोन्ही हात कानांवर ठेवले. ज्याचा विश्वास आहे त्याच्याशी भांडता तरी येतं! आत्याशी भांडता येतं. याचा विश्वासच नाही. याला सगळं कळतं. आणि तरीही याने अख्ख्या दुनियेत सोपं काय शोधलं, तर दहावीतल्या पोरीला खोटं लिहायला लावणं. आईशी एक वाक्य बोलण्यापेक्षा सहाशे-सातशे सूर्यांएवढा रुंद तारा हलवणं याला सोपं वाटतं!

शिवाय चक्र काही एकट्या ताईचं नव्हतं. उद्या ते पिवळं होऊन ताईचं लग्न ठरेल, परवा पुन्हा लाल होऊन आणखी कुणाचं तरी मोडेल. आणि प्रत्येक वेळी सगळे त्या चक्राकडेच बघतील. ते खोटं आहे हे कुणीच म्हणणार नाही, कारण तिने स्वतःच त्याला खरं करून दिलं असेल.

तिने लिहिलेलं पुसलं. दोन पूर्णांक आठ. पाठवलं.

जेवताना पप्पांनी नुसतं बघितलं. तिने मान हलवली, 'दिसलं तेच' अशी. पप्पा ताटावरून उठले.

*

दुसऱ्या दिवशी, पूजेच्या संध्याकाळी, कराडची विनाचालक गाडी आपली आपण वळण घेत दारात येऊन थांबली. ऋतुराजच्या आई नलिनीकाकू उतरल्या, मग ऋतुराज, मग कुबड्यांवर विश्वजित. घरात धुपाचा आणि पुरणाचा वास. गौरींपुढे फराळाची ताटं, फुलोरा, दिव्यांची माळ. काकूंनी धाकटीला हळदीकुंकू वाहिलं. थोरलीच्या ओढणीकडे बघून हात किंचित थांबवला, आणि तसाच मागे घेतला.

आत्या लगबगीने म्हणाली, "या साली तसंच ठेवलंय, नलिनीताई."

"बरं केलंत," काकू म्हणाल्या. मग सोफ्यावर बसून, अगदी समजूतदार स्वरात, "हे बघा, मुलगी मला पसंतच आहे. मी काही दुष्ट नाही. पण मोठ्या मुलाचं हे असं झालंय, आईच्या जिवाला घोर लागतो. आज पूजेचा दिवस. आज ज्येष्ठेचं तेज वाढलं, तर मी देवीचा कौल समजेन आणि इथेच साखर वाटेन."

"मी सांगितलंय हिला," विश्वजित चकल्यांचं ताट जवळ ओढत म्हणाला. "हात सोडून गाडी चालवत होतो. त्यात ताऱ्याचा काय संबंध?"

"तू गप्प बस, विशू."

सगळे ओजस्वीकडे बघायला लागले. केतकीताईसुद्धा. ताई मोरपंखी साडीत होती, गजरा माळलेला, आणि तिच्या डोळ्यांत अशी आशा होती की ओजस्वीला कुणाचं तरी डोकं फोडावंसं वाटलं. कुणाचं, तेच कळेना. पप्पा जमिनीकडे बघत होते. ऋतुराजने तिला बघून हळूच अंगठा दाखवला.

ती वर गेली. चंद्र आज ज्येष्ठेला जवळजवळ टेकलाच होता. दर वर्षी गौरीपूजनाला तो तिथेच असतो. तिने नेहमीच्या पद्धतीने ताडून बघितलं, चंद्राच्या उजेडाचा भरवसा नको म्हणून दुर्बिणीतूनही बघितलं, पुन्हा बघितलं. दोन पूर्णांक नऊ. मे महिन्यापासूनची सगळ्यात फिकी. तिने नोंद पाठवली आणि खाली आली.

काकूंच्या हातातल्या फोनवर चक्र थरथरलं, फिरलं, आणि आधीच्या लालहून गडद लाल झालं.

काकूंनी साखरेची वाटी ताटात परत ठेवली. "बघा," त्या म्हणाल्या. "मी काय म्हणू आता?"

"हे कसं झालं?" ऋतुराज ताडकन म्हणाला. "ओजू, काल आपलं बोलणं झालं होतं ना?"

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं.

केतकीताईने मान वळवली. "काय बोलणं झालं होतं?"

"काही नाही गं, सहज..."

"ओजू?"

ओजस्वीने सगळं सांगितलं. दोनचा तीन, मग एक, ताईला सांगू नकोस, आईला कोण समजावणार. सांगताना तिचा आवाज कापत होता आणि त्याचाही तिला राग येत होता. शेवटी ती थांबली, पप्पांकडे बघितलं आणि पुढचं सांगायचं की नाही, ते तिला ठरवता येईना.

पप्पाच म्हणाले, "मीही सांगितलं होतं तिला. तेच."

केतकीताई उठली. ती रडेल असं आत्याला वाटलं असावं, कारण आत्या पदर घेऊन पुढे झाली. ताई तिला ओलांडून थेट गौरींपाशी गेली आणि थोरलीच्या तोंडावरची ओढणी ओढून काढली. पितळी चेहरा, पिवळट मोत्याची नथ, मोठे काळे डोळे. दिव्यांच्या माळेत ती एकदम अशी दिसली की जणू मघापासून सगळं ऐकतच होती.

"केतकी," ऋतुराज म्हणाला, "मी आपल्यासाठीच करत होतो ना. आईचं समाधान झालं असतं, आपलं लग्न झालं असतं."

"हो. आणि मग?" ताईचा आवाज अजिबात चढला नव्हता. ओजस्वीला तिच्या चढलेल्या आवाजाची सवय होती. हा आवाज तिने कधीच ऐकला नव्हता. "लग्नानंतर तुझ्या दादाला सर्दी झाली असती, तेव्हा तू काय केलं असतंस? पुन्हा माझ्या बहिणीला फोन? माझ्यासाठी तू एका शाळकरी मुलीला खोटं बोलायला सांगितलंस, ऋतुराज. तुझ्या आईशी खरं बोलायला मात्र तुला दोन महिन्यांत वेळ झाला नाही."

"तसं नाही..."

"तुझा विश्वास असता ना यावर, तरी मी समजून घेतलं असतं. भीती वाटते माणसाला. काकूंना वाटते, मला दिसतंय ते. तुला तर भीतीही नाही. तुला नुसता त्रास नकोय." ती काकूंकडे वळली, वाकून नमस्कार केला. "काकू, माझ्याकडून नाही आहे. नक्षत्राचं नका सांगू कुणाला. मुलीनेच नकार दिला म्हणा."

काकूंना नकार द्यायची सवय होती, घ्यायची नव्हती. त्या उठल्या, ऋतुराज उठला, पप्पा दारापर्यंत जायचं म्हणून गेले. विश्वजित मात्र हलला नाही.

"चल, विशू!"

"मी जेवून येतो," विश्वजित म्हणाला. "एवढा प्लास्टरचा पाय घेऊन कराडहून पुरणपोळीसाठी आलोय. तुम्ही बसा गाडीत." मग जरा खाली बघून, "डॉक्टर, सॉरी हं. मी आणखी मोठ्याने बोलायला पाहिजे होतं."

आईने त्याच्यापुढे पाट ठेवला, पोळीवर तुपाची धार धरली आणि म्हणाली, "बसा निवांत."

*

पाहुणे गेल्यावर आत्या कोपऱ्यात बसून मोठमोठ्याने पुटपुटत राहिली. ओजस्वी वर पळाली. तिला ओरडायचं होतं. ती दुर्बिणीचं झाकण उगाच उघडत-मिटत राहिली.

थोड्या वेळाने ताई वर आली. गजरा काढलेला, साडीचा पदर खोचलेला. डोळे लाल होते.

"ताई, मी बघणंच बंद करते," ओजस्वी घाईघाईने म्हणाली. "नोंदच नाही टाकली तर चक्र काय फिरणार? मोडेल ते."

"आणि मग ते दुसऱ्या कुणाचा तरी आकडा घेतील. एखाद्या ऋतुराजचा." ताईने नाक ओढलं. "तू का बंद करायचंस? बंद त्यांनी करायचं. उद्या त्या बंगळूरच्या बाईंना लिहू आपण. माझं नाव घालून लिही, हवं तर. माझा फोटोसुद्धा लाव, लाल चक्रासकट. किती जणींचं काय काय मोडलंय ते विचारू सगळीकडे. मला आता काही घालवायला उरलेलं नाही, तर निदान भांडू तरी दे."

"खूप वाईट वाटतंय?"

"खूप." ताईने कबूल केलं. "आणि त्याहून जास्त राग येतोय. बरंय ते. रडायला मग वेळ मिळत नाही."

जिन्यात पावलं वाजली आणि वरून तिसऱ्या पायरीवर थांबली. पप्पा होते. ओजस्वीला त्यांची सावली भिंतीवर दिसत होती. एरवी ती ओरडली असती, पप्पा, या ना, बघा काय दिसतंय! आज तिने हाक मारली नाही. कधीतरी मारेल. आज नाही.

"सकाळी काय म्हणत होतीस आईला?" ताईने विचारलं. "सोबतीण का काय?"

"ये. डोळा लाव. हात नको लावूस, हलतं. तांबडी दिसते? तिच्या अगदी चिकटून, पश्चिमेला, बारीकसा ठिपका?"

ताई बराच वेळ वाकून होती. "अगं, आहे की!"

"ती कायमच आहे. हजाराहून जास्त वर्षांत एक फेरी घालते तिच्याभोवती. ज्येष्ठेच्या तेजात लपलेली असायची. आता ज्येष्ठेवर धूळ आली, म्हणून ही एवढी सहज दिसतेय."

"हिरवी आहे गं!"

"निळसर पांढरी आहे. तांबडीच्या शेजारी म्हणून हिरवी वाटते."

"म्हणजे हिचा रंगसुद्धा लोक शेजारणीवरून ठरवतात," ताई म्हणाली.

ओजस्वीला हसू फुटलं. राग तसाच होता, पण त्याच्या मधूनच फुटलं. ताईही हसली, आणि या वेळचं हसणं खरं होतं, जरी डोळे पुसावे लागले तरी.

ओजस्वीने फोन काढला. ताराजालावर जोडताऱ्यांसाठी वेगळी नोंद असते. तीत दोन्ही ताऱ्यांचं तेज वेगवेगळं द्यायचं. निरीक्षक एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांची नावं घालायची, कारण दोन डोळ्यांपेक्षा चार डोळ्यांनी बघितलेलं अधिक भरवशाचं.

"माझंही नाव टाक," ताई पुन्हा डोळा लावत म्हणाली. "थांब. तिथे जन्मनक्षत्र विचारतात का?"

"नाही. काय दिसलं एवढंच विचारतात."

"मग टाक. केतकी पोळ. आणि सांग मला कसं ताडायचं ते. नीट सांग, मला अंदाजे नको."